सुचलेली चाल

"सुचली," म्हणालो मी. एवढंच खोटं. बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत आमच्या बँडचं गाणं अडलं होतं, तेव्हा मी कीबोर्डवर आईच्या भोंडल्याच्या गाण्याची चाल लय वाढवून वाजवली. भोंडला म्हणजे काय, हे त्या गोऱ्या पोरांना सांगायची मला लाज वाटली. एटीजमध्ये ते गाणं तुफान चाललं. आजही सुपरमार्केटमध्ये लागतं, आणि मी भरलेली ट्रॉली तिथेच टाकून बाहेर पडतो.

यंदा वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये भोंडला होता. आईला मीच गाडीने नेलं. पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून तिने नेमकं तेच गाणं सुरू केलं, तर मुली खिदळायला लागल्या. "आजी, ही तर त्या एटीजच्या गाण्याची ट्यून! तुम्ही कॉपी केलीत!"

आई थांबली. इतक्या वर्षांत तिने मला त्या चालीबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"असेल गं," ती हसून म्हणाली, "रेडिओवरून कानात बसली असेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला, आता खिरापत ओळखा."

डबा माझ्या हातात होता. मुली माझ्याकडे वळल्या, आणि मी झाकण घट्ट दाबून धरलं.