चिठ्ठीवर मी ‘कीट’ लिहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — तसा गैरसमज आधीच काढून टाका.

मी नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. आपला सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. त्यामुळं दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी दगड घेऊन यायचं — सर, आभाळातून पडलाय. मी बघायचो, परत द्यायचो. एकदा मात्र मीच घसरलो. मुदखेडकडून आलेला एक जड, काळा दगड मी उल्कापाषाण म्हणून जाहीर करून बसलो. दगड हातात धरलेला माझा फोटो पेपरात आला. दुसऱ्या दिवशी वर्गात तो दगड मिरवला, तर शोभा उठली. भोकरची पोरगी, वर्गातली सगळ्यात हुशार.

“सर, याला तर भोकं हायत. उल्केच्या दगडाला बुडबुड्याची भोकं नसतात, असं तुम्हीच सांगितलं न्हाई का?”

वर्ग हसला. तिनं हसवायला विचारलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तो दगड भट्टीतलं लोखंडाचं कीट, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ, निघाला. पुढं कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये मला ‘उल्का’ म्हणायचे. पाठीमागं — पण ऐकू येईल एवढंच मागं.

शोभाचं लग्न उमरीला झालं. सात वर्षांनी ती अचानक माझ्यासमोर उभी. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी थांबलेला. नांगरटीत वर आलेला दगड तिनं जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता, नारळाएवढा.

“सर, घरी सगळं करून बघितलं. चुंबक चिकटतंय. फरशीच्या खरबरीत बाजूवर घासला, रेघ उमटत न्हाई. भोक एकबी न्हाई.” मग तिनं बाहेर नवऱ्याकडं बघितलं. “हे म्हणले, सर खरं म्हणले तर एम.एस्सी.ला नाव घाल. म्हणून आले.”

मी दगड हातात घेतला आणि — काय सांगू? आकाराच्या मानानं वजन भलतंच. वर जळाल्यासारखी पातळ काळी साल. ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे उथळ खळगे. कानशीनं तिनं एक कोपरा घासला होता, तिथं करड्या दगडात धातूचे बारीक कण चमकत होते. चुंबक आपल्या बेसॉल्टलाही थोडंफार धरतं. पण असे कण त्यात कुठून येणार? आयुष्यभर ज्या दगडाची वाट बघितली, तो माझ्या टेबलावर होता. आणि तो ओळखला होता कुणी? तिनं.

“कीट आहे, शोभा,” मी म्हणालो. “भट्टीतलं.”

“पण सर, भोकं —”

“सगळ्याच किटाला भोकं नसतात.”

“बरं सर.”

बस्स. वाद घातला असता तर? नाही घातला. मी तिचा सर होतो ना. शेतात परत कशाला न्यायचा म्हणून दगड कॉलेजातच ठेवून गेली. खिडकीतून मी बघितलं — नवऱ्यापुढं तिनं नुसती नकारार्थी मान हलवली आणि गाडीवर बसली.

मी चिठ्ठी लिहिली, ‘लोखंडाचं कीट’, खाली शोभाचं नाव आणि गाव, आणि दगड काचेच्या कपाटात ठेवला. फेकून का दिला नाही? फेकवला नाही. पुढं बारा वर्षं तोच दगड पोरांच्या हातात देऊन शिकवलं — बघा, कीट हे असं असतं. कुणी शंका काढली की त्याला गप्प बसवलं.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी नवीन आलेल्या मॅडमनी ते कपाट उघडलं. म्हणाल्या, सर, हे कीट वाटत नाही. मी चष्मा लावला, दगड उलटासुलटा केला आणि म्हणालो, “अरे, खरंच की!” छान जमलं मला. दगड तपासायला बाहेर गेला, उल्कापाषाण ठरला. कॉलेजनं शोभाला बोलावून सत्कार केला. माइकवर ती काय बोलली माहितीय? “सरांची नजर चुकली असंल, पण दगड जपला त्यांनीच. म्हणून हा दिवस हाय.” आणि स्टेजवरच माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. एम.एस्सी.चा विषय मी काढला नाही. तिनंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, माणूस आहे, जळला असेल. आतून झुरलाही असेल बिचारा. नका म्हणू! मी झुरलो नाही. नीट जेवलो, नीट झोपलो, निरोपाचा हार गळ्यात घालून घरी आलो. आणि माझी नजर चुकली, असंही म्हणू नका. तेवढं मी ऐकून घेणार नाही. दगड मी हातात घेताक्षणी ओळखला होता. समोर उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत बघून, पूर्ण शुद्धीत, मी खोटं बोललो.

हे छापून आलं की उमरीला पोचेल. ती वाचेल.

वाचू दे.