कबुतरांसाठी लावलेली जाळी

बाळांनो, तुम्हा दोघांचा मेसेज मिळाला. "आजी, तू आता विसरतेस, एकटी राहू नकोस." शब्द इंग्रजी होते, पण बोलणं तुमच्या बाबांचं होतं. पुढच्या आठवड्यात बाबांनी सांगितलेला एजंट हे घर विकण्यासाठी बघायला येतो आहे. त्याआधी मागच्या खोलीत आग कशी लागली ते माझ्याकडून ऐका. मराठी वाचायला मीच तुम्हाला शिकवलं. बाबांकडून वाचून घेऊ नका.

चंडीगडला जानेवारीत धुकं दाटलं की ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे कुबट होतात. म्हणून तुमच्या बाबांनी कपडे वाळवायचं मशीन घेऊन दिलं. त्याची गरम हवा पाइपातून भिंतीबाहेर जाते. कपड्यांचे सुटलेले तंतू मशीनमधल्या गाळणीत अडकतात, पण सगळे नाहीत. उरलेले हवेबरोबर पाइपात जातात. गाळणी मी प्रत्येक वेळी साफ करत असे. तशी माझी सवयच आहे.

बाबा सुट्टीवर आले तेव्हा पाइपाच्या बाहेरच्या तोंडावर कबुतरं बसलेली दिसली. त्यांनी सेक्टरच्या मार्केटमधून बारीक जाळी आणली आणि तोंडावर घट्ट बांधली.

"अरे, पुस्तिकेत जाळी लावू नका म्हटलंय. तंतू अडकतील."

"आई, तू ना! मास्तरीणबाई, पुस्तिका मिटा आता. कबुतरांनी आत घरटं केलं म्हणजे?"

"मग उघडझाप करणारं झाकण बसव. हवा आली की उघडतं, बंद झाली की मिटतं."

"पुढच्या वेळी बसवतो. पक्का."

ती पुढची वेळ आली नाही. जाळी उंचावर होती, माझा हात पोचत नव्हता. फोनवर दोनदा आठवण करून दिली, "बघतो" म्हणाले. कपडे वाळायला वेळ लागू लागला, मशीन तापू लागलं, तेही सांगितलं. "जुनं होतंय गं," म्हणाले.

त्या दुपारी मी माझ्या आईच्या नऊवाऱ्यांची गोधडी मशीनमध्ये वाळायला टाकली होती आणि शेजारी खुर्चीत विणत बसले होते. जागी होते. जळका वास आला तशी मेन स्विच बंद केला, खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन केला. शेजारची सरदारीण धावत आली. "आंटीजी, अंदर मत जाना!" म्हणत तिने माझा दंड सोडला नाही. नंतर पाइप उतरवला तेव्हा जाळीला आतून तंतूंचा, दाबलेल्या लोकरीसारखा जाड, काळा थर चिकटलेला होता.

फोटो बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला.

"आई, मशीन लावून झोपली होतीस का?"

"फोटो बघितलास?"

"जाऊ दे ना. झालं ते झालं. म्हणूनच म्हणतो, आता एकटीने राहणं नको."

त्या फोटोबद्दल ते अजून बोललेले नाहीत. तुम्हाला मात्र आजी झोपली होती एवढं कळलं.

तुमच्याही घरात असंच मशीन आहे. बाहेर जाऊन त्याच्या पाइपाचं तोंड बघा. जाळी असेल तर बाबांना काढायला लावा आणि पाइप आतून साफ करून घ्या. आणि मशीन चालू ठेवून घराबाहेर पडू नका.

एजंटला मी दारातूनच परत पाठवणार आहे. गोधडी गेली. मागच्या खोलीची एक भिंत काळी आहे. बाकीचं घर शाबूत आहे आणि मी त्यात राहते.