पेण ते रोहा : एका वहाळाची तपासणी

फेब्रुवारी सरता सरता हमीदाचा फोन आला. "शालू, चार दिवस काढून ये. प्रदूषण खात्याची बाई वहाळ तपासायला येत्येय. मी एकटी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मग कुणी ऐकत नाही. तू नुसती जवळ उभी राहा."

हमीदा आणि मी नन्सच्या शाळेत एकत्र शिकलो, वसतिगृहात शेजारशेजारच्या खाटांवर झोपलो. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या गावी जायची. गाव रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडे. नाव लिहू नकोस म्हणाली आहे, म्हणून लिहीत नाही. तिच्या वाडीच्या कडेने वहाळ, म्हणजे लहानसा ओढा, जातो. उन्हाळ्यात त्यात जेमतेम डबकी उरायची आणि आम्ही दोघी फ्रॉक खोचून त्यात चिंबोऱ्या धरायचो. संध्याकाळी तिची अम्मी आमचे पाय त्याच पाण्याने धुवायची.

पुढे वरच्या बाजूला कारखान्यांची वसाहत झाली. तिथलं पावसाळी गटार या वहाळात उतरतं. गटार फक्त पावसाच्या पाण्यासाठी, पण हल्ली भर उन्हातही ते अधूनमधून वाहतं, आणि काळं वाहतं. हमीदाच्या विहिरीला वास यायला लागला. तिचा मुलगा इम्रान कतारला, दोह्यात असतो. त्याने सांगून टाकलं, घर बंद कर आणि पनवेलला खालाच्या, म्हणजे हमीदाच्या बहिणीच्या, शेजारी फ्लॅट घेऊन राहा. हमीदाने त्याच्याकडून मुदत मागून घेतली. मी केलेल्या तक्रारीची तपासणी होऊ दे, गटार बंद झालं तर मी इथेच राहणार, नाही झालं तर तू म्हणशील तिथे येते.

म्हणून मी निघाले. सहलीला जातात तशी पिशवीत टोपी आणि थर्मास घेऊन.

ठाण्याहून पेणला एसटीने गेले. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकी मिळाली की दुप्पट आनंद. पेणला मुद्दाम एक रात्र थांबले. तुम्हीही थांबा. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून सकाळी फिरावं. रंग न दिलेल्या मूर्ती ओळीने वाळत असतात, आणि मला तरी रंगवलेल्यांपेक्षा त्याच आवडतात. पोह्याचे पापड घ्यायला एका दुकानात शिरले. दुकानदारीणबाईंनी विचारलं, "पुढं कुठं, काशिदला?"

"रोह्याला."

"राफ्टिंगला? या वयात?"

"वहाळ बघायला चाललेय."

"धबधबा म्हनायचंय तुमाला."

"नाही हो, वहाळच."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पापडाचं एक जादा पाकीट पिशवीत टाकलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मी आजारी वाटले असेन.

पेणहून रोह्याला जायला नागोठण्यावरून भिसे खिंडीची वाट जवळची. मला मिळाली ती गाडी मात्र कोलाडवरून जाणारी होती. डोलवीला पोलाद कारखान्याची शिफ्ट सुटली होती, हेल्मेट काखेत मारून पोरं चढली आणि बसल्या बसल्या झोपली. हायवेचं काम माझे केस पांढरे होण्याबरोबरच चालू आहे, कधी पुरं होईल सांगता येत नाही. खांब गाव आलं की पाठ जरा सरळ करता येते. कोलाडला गाडी थांबली तेव्हा उतरून एका टपरीवजा हॉटेलात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. स्वस्त आणि चविष्ट. पाणी मात्र आपलं न्या.

हमीदा रोह्याच्या स्टॅंडवर उभी होती. बाजारात मासळी घेऊन, रिक्षा ठरवून. आम्ही दोघी आता एकमेकींना मिठी मारतो तेव्हा आधी गुडघे सांभाळतो.

रिक्षा गावात शिरली, छोट्या पुलावर आली, आणि हमीदा ओरडली, "थांब रे, थांब!"

खाली वहाळ लख्ख झाला होता. गटार जिथे उतरतं तिथपासून पुलापर्यंत तळ खरवडून काढलेला, काठावरची झुडपं छाटलेली. मधून पाण्याची एक पातळ धार जात होती. ती तर अगदी स्वच्छ. काठावर जेसीबी उभा होता आणि त्यावर बाळू.

बाळू हमीदाचा शेजारी. बाप मिठागरात मजुरीला होता, आता याचा स्वतःचा जेसीबी आहे. पहिला हप्ता हमीदाच्या नवऱ्याने कुवेतहून पाठवला होता, हे बाळू भेटेल त्याला सांगतो.

"चाची, कसा वाटतो?" त्याने वरूनच विचारलं. "सकालपासून लागलोय. सरकारी बाई येनार, त्यांना काय ती काली घान दाखवायची? गावाची लाज हाय का नाय?"

हमीदा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "बाळ्या, माझ्या लग्नातपण गाव एवढं धुतलं नव्हतं रे."

"डिझेलपन माझंच."

"जेवायला ये. पापलेट आणलंय."

मलाही फार बरं वाटलं. लहानपणीचा वहाळ परत दिसल्यासारखा. त्या रात्री आम्ही तिघं पोटभर जेवलो, आणि उद्या त्या बाईंशी कोण काय बोलायचं हे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई वेळेवर आल्या. तिशीची मुलगी, पायात गमबूट, बरोबर बर्फाचा डबा घेतलेला एक सहकारी. कारखान्याचा माणूसही होता, पांढऱ्या शर्टातला, अतिशय नम्र. बाई पुलावरून खाली बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे कधी साफ केलं?"

"कालच," बाळू म्हणाला. "तुमच्यासाठी."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. रागावल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा काठावर उकिडवं बसून त्यांनी आम्हाला नीट समजावलं. वसाहतीत पाण्याच्या दोन वाटा असतात. कारखान्यातलं पाणी बंद पाइपातून शुद्धीकरण केंद्रात जायला हवं. उघडं गटार पावसासाठी. त्या गटारात पावसाशिवाय काही सोडणं हा जलप्रदूषणाच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पण तो सिद्ध करायचा तर नमुना त्यांनीच घ्यायचा, कारखान्याच्या माणसादेखत, दोन भाग करून, सील करून. हमीदाने आधी भरून ठेवलेली काळ्या पाण्याची बाटली चालत नाही. आणि ज्या दिवशी तपासणी, त्या दिवशी पाणी स्वच्छच असतं.

"मग उपयोग काय?" हमीदाचा आवाज चढायला लागला होता.

"पाणी निघून जातं, काकी. गाळ राहतो. गटाराच्या तोंडाशी साचलेला गाळ सांगतो ना, काय काय आलं ते. मी मुख्यतः त्याच्यासाठी आले होते."

पांढऱ्या शर्टाने मोबाइल बघितला.

"गाळ कुठे टाकलात?" बाईंनी विचारलं.

"चाचींच्या वाडीत," बाळू म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. "विहिरीच्या बाजूला. काली माती, म्हटलं केळींना खत होईल."

आम्ही सगळे वाडीत गेलो. केळींच्या बुंध्यांशी, विहिरीच्या कठड्यापर्यंत, गाळाचा ओला काळा ढीग पसरलेला होता. उन्हाने वास उठायला लागला होता. रात्री अंधारात आणि मासळीच्या वासात आम्हाला तो कळलाच नव्हता.

"मॅडम, परत टाकतो," बाळू म्हणाला. "जेसीबी हाय उभा. तासाभरात होता तसा करून देतो. तुमी तवर चा घ्या."

बाई हळूच म्हणाल्या, "दादा, आता तो त्यांच्या जागेतला गाळ झाला. कुठून आला हे कागदावर सिद्ध होणार नाही. आणि पुन्हा वहाळात टाकलात तर गुन्हा तुमच्यावर."

"माज्यावर?"

"हो."

त्यांनी वहाळाचं पाणी घेतलं, विहिरीचंही घेतलं. चार बाटल्या, लाखेचं सील, सह्या. गटाराचं तोंड ओलं होतं आणि पाऊस नसताना ते ओलं होतं, एवढं त्यांनी आपल्या अहवालात लिहिलं. निघताना हमीदाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पुन्हा काळं आलं की लगेच फोन करा. पण लगेच म्हणजे लगेच. आणि काहीही साफ करू नका."

मला आमची शाळा आठवली. तपासणीच्या आदल्या दिवशी सिस्टर आम्हाला व्हरांडे घासायला लावायच्या, तुटकी बाकं मागच्या खोलीत नेऊन ठेवायच्या. इन्स्पेक्टर खूश होऊन जायचे आणि आम्ही वर्षभर त्याच तुटक्या बाकांवर बसायचो. तपासणी म्हटली की हातात झाडू घ्यायचा, हेच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. मग एकट्या बाळूला काय बोलायचं?

हमीदाही त्याला बोलली नाही. तो वाडीच्या कुंपणाला टेकून बसला होता, जेवायला यायला तयार नव्हता. ती ताट घेऊन तिकडेच गेली. "ऊठ. पापलेटाचा तुकडा ठेवलाय तुझा. तू खाल्ला नाहीस तर मांजराला घालीन, आणि मांजर तुझ्यापेक्षा अकलेचं आहे."

"चाची, मला वाटलं..."

"वाटलं ना? जेव आता."

परतताना रोह्याहून दिव्याला जाणारी रेल्वेगाडी घेतली. हायवेपेक्षा कितीतरी सुखाची, तिकीटही अगदी थोडं. वाटेत खाडी, खाजणं, बगळे सगळं दिसतं. मी डाव्या बाजूला बसले होते, पण काय दिसलं ते आता सांगता येत नाही.

हे मे महिन्यात लिहिते आहे. निकाल आला. वहाळाचं पाणी मर्यादेत. विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य. ते अयोग्य कशामुळे, हे सिद्ध झालेलं नाही. गाळाचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. उचलून दुसरीकडे टाकायचा तर आधी तो विषारी आहे का ते तपासायला हवं, आणि विषारी निघाला तर तो ठेवायच्या जागा वेगळ्या असतात, त्या दूर. एक अधिकारी बाई सोडली तर फोन कुणी उचलत नाही.

तुम्ही रोह्याला जरूर जा. नदीकाठ सुंदर आहे, माणसं जीव लावणारी आहेत. वाटेत एखादं उघडं गटार कडक उन्हात वाहताना दिसलं तर थांबून बघा आणि तक्रार करा. मी पन्नास वर्षं अशी गटारं ओलांडत गेले, कधी खाली बघितलं नाही.

काल हमीदाचा फोन आला होता. "बाळ्याने ढिगावर ताडपत्री घातलीय. पाऊस लागायच्या आत चर खणतोय, पाणी विहिरीत उतरू नये म्हणून. रोज येतो, हाताने खणतो. जेसीबी आणत नाही."

"आणि तू?"

"पुढच्या आठवड्यात पनवेल. इम्रानने फ्लॅट घेतलासुद्धा." मग तिने आवाज उतरवला. "बाळ्याला सांगितलंय, पंधरा दिवसांसाठी चाललेय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता सामान काय भरू ते सांग गो शालू. पंधरा दिवसांचं भरलं तर तिकडे काय नेसू? आणि सगळं भरलं तर टेंपो भरायला तोच येणार."