सारवलेला कोपरा

लग्न होऊन वाशीला राहायला आले, तेव्हा मी खाडीपलीकडे मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मातीचं काम करत होते. उत्खननात सापडलेल्या जुन्या घरांच्या जमिनी आम्ही तपासायचो. भांडीकुंडी माणसं सोबत नेतात, केर झाडून टाकतात, पण जमिनीत जे दबून बसतं ते तिथंच राहतं. चुलीपाशी राख, गुरांच्या जागी शेणामुताचा अंश, धान्य ठेवायचे तिथं तूस. त्यावरून कुठल्या खोलीत काय चालायचं, ते ओळखायचं.

"पण आपण ओळखतो ते बरोबर कशावरून?" आमचे सर एकदा म्हणाले. "एखादं राहतं घर मिळायला हवं. जिथं विचारता येईल."

मला आमच्या सोसायटीत सुकट विकायला येणाऱ्या मावशी आठवल्या. सानपाडा गावात त्यांचं मातीचं घर होतं. शेतजमीन सरकारने घेतल्यावर त्या बदल्यात मुलाला नोकरी लागली होती आणि तो आता घर पाडून सिमेंटचं बांधणार होता. पाडण्याआधी जमिनीचे नमुने द्याल का, असं मी विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"बाय, माती कशाला पायजे तुला? सोना हाय का तिच्यान?"

पण रविवारी त्यांनी अख्खं घर फिरून दाखवलं. मी कागदावर नकाशा काढत गेले आणि त्या सांगत गेल्या. इथं चूल, इथं पाण्याचे हंडे, इथं जाळी ठेवायचे, ही बकऱ्यांची जागा. आतल्या खोलीतला उजवा कोपरा राहिला.

"आनि इथं?"

मीही नकळत त्यांच्यासारखंच बोलले होते. त्या मात्र हसल्या नाहीत. "तिथं काय नाय," म्हणाल्या. "रिकामाच हाय."

मी सुरीने सगळीकडची ढेकळं कापून घेतली. कडेला बसून, हात लांबवून रिकाम्या कोपऱ्यातलंही घेतलं, कारण रिकामी जागा कशी दिसते तेही कळायला हवं होतं.

ढेकूळ राळेत भिजवून कडक करायचं, कापायचं आणि काचेवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईल इतकं पातळ होईपर्यंत घासायचं. चूल, बकऱ्या, हंडे, सगळं मावशींनी सांगितल्याप्रमाणे निघालं. सर खूश झाले. कोपऱ्याची काच मी शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बघतच राहिले. घरात दुसरीकडे दोन सारवणांच्या मध्ये पायांनी आलेली धूळ होती, वाळू होती. इथं खालच्या थरांत चटईच्या गवताचे आडवे दबलेले तुकडे होते आणि त्याच्यावर नुसतं सारवण. स्वच्छ, पातळ, एकावर एक. चाळीसच्या पुढे मी मोजणं सोडलं. चटई उचलल्यापासून त्या कोपऱ्यात कुणी पाऊलच टाकलं नव्हतं.

पुढच्या वेळी मावशी आल्या तेव्हा मी टोपली उतरवायला हात दिला आणि म्हटलं, "मावशी, त्या कोपऱ्यात आधी कुणी झोपायचं का?"

त्या दारातच खाली बसल्या. बराच वेळ सुकटीवरच्या माश्या वारत राहिल्या.

"माझी पोर," त्या म्हणाल्या. "दोन वरसं आजारी व्हती. तिथंच निजाची. ती गेली, मंग मी कोनाला तिथं पाय ठेवू नाय दिला. सारवाची तेवरी." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कोनी सांगला?"

"मातीत दिसलं."

"मना दाखवशील?"

सरांना विचारून मी त्यांना बसने प्रयोगशाळेत घेऊन गेले. नवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून त्या आल्या होत्या. स्टुलावर बसून एक डोळा मिटायला त्यांना जमेना, तेव्हा मी माझ्या तळहाताने तो झाकला. काच हळूहळू सरकवत मी खालचे थर आणले.

"हे चटईचं गवत. ती होती तेव्हाचं."

माझा तळहात ओला झाला.

"आता वर ने," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. वरचे थर दिसले तशा पुटपुटल्या, "ये माझे हातचे."

निघताना त्यांनी विचारलं, ती काच घरी नेता येईल का. सर अवघडले. नमुना नोंदवलेला होता, देता येत नव्हता. मी खाली मान घालून उभी राहिले. आजही वाटतं, त्या दिवशी ती मी गुपचूप त्यांच्या हातात ठेवायला हवी होती. पुढे प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत गेली, त्या हलवाहलवीत कितीतरी खोकी हरवली. त्यांत ती काचही गेली. मावशींना हे सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. नव्या घरात लादी बसली आणि काही वर्षांनी गुडघ्यांमुळे त्यांचं येणं थांबलं.

त्यानंतर एकदा फार जुन्या एका घराची जमीन आमच्याकडे आली. तिच्याही एका कोपऱ्यात स्वच्छ सारवणाचे थरच थर होते. "देवाची जागा असणार," सर म्हणाले आणि तसं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. पण संध्याकाळी सगळे गेल्यावरही मी सूक्ष्मदर्शकासमोरून उठले नाही. ज्या बाईने ते सारवलं होतं, तिच्या शेजारी जाऊन बसावं आणि तिला विचारावं, असं मला फार फार वाटत होतं.