वीस सेकंद कुठे गेले?

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या लष्करी शाळेत एकोणीस वर्षं घड्याळ एकाच माणसाच्या हातात होतं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. पोरं आकाशात काय दिवे लावतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. जोर किती मारतात, दोरावर किती चढतात आणि मैदानाच्या सहा फेऱ्या ठरलेल्या वेळेत पुऱ्या करतात का, एवढंच तो बघायचा. मुलींना साडेतेरा मिनिटं, मुलग्यांना त्याहून कमी. धावायचे मात्र सगळे एकत्रच.

त्या तुकडीत एक बुटकी मुलगी होती. बरोबरच्यांनी तिचं नाव चिमणी पाडलं होतं. उडवायला शिकवणारे साहेब म्हणायचे, "हात काय हलका आहे पोरीचा! विमानाला कळतसुद्धा नाही." पण धावण्याच्या चाचणीत ती नापास झाली. वीस सेकंद जास्त. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी झाली, पुन्हा वीस सेकंद. तिसऱ्यांदा नापास झाली की सामान बांधायचं आणि घर गाठायचं, असा नियम होता.

नापास होणारे उस्तादने ढिगाने पाहिले होते. त्यांची वेळ कधी चाळीस सेकंदांनी चुकते, कधी दहा. हिचे मात्र दोन्ही वेळा वीसच. शिवाय धाप अशी फारशी नाही. हे काय गौडबंगाल आहे, हा विचार काही त्याच्या डोक्यातून जाईना. जेवतानाही तो वहीतले आकडे बघत बसला.

त्याची बायको शिवणकाम करायची. शाळेतल्या मुलामुलींचे उडतानाचे पोशाख मापात बसवून द्यायचं काम तिच्याकडे होतं. ती म्हणाली, "चिमणी ना? तिचं माप घेताना माझी पुरेवाट झाली."

"का? चुळबुळी आहे?"

"छे, गरीब गाय. मी टेप घेऊन पुढे गेले की ती बाजूला व्हायची. तिला वाटायचं, मला पलीकडे जायचंय. चार वेळा म्हटलं, अगं बाई, मी तुझ्याकडेच आलेय!"

बायको हसली. उस्तादचा घास मात्र हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी त्याने घड्याळ हाताखालच्या माणसाकडे दिलं आणि साहित्याच्या खोलीला शिडी लावली. डावा गुडघा कुरकुरत होता. "उस्ताद, तिथे काय ठेवलंय?" कुणीतरी खालून ओरडलं. तो छपरावर चढून उभा राहिला. एकोणीस वर्षं तो शेवटच्या रेषेपाशी घड्याळावर डोळे लावून उभा राहिला होता. मैदानाचं पलीकडचं वळण त्याने कधी नीट बघितलंच नव्हतं.

पहिली फेरी सगळे घोळक्याने धावले. दुसऱ्या फेरीला मागून पावलं वाजली, तशी चिमणी आतला पट्टा सोडून बाहेर सरकली. आणखी कुणी आलं, ती आणखी बाहेर. मग ती तिथेच राहिली, तिसऱ्या पट्ट्यात, थेट पाचव्या फेरीपर्यंत. शेवटच्या फेरीला मैदान रिकामं झालं तेव्हा आत आली आणि रेषेवर अगदी नीट पोचली.

उस्तादने छपरावरच बोटांवर हिशेब केला. तिसऱ्या पट्ट्यातून एका फेरीला पंधरा मीटर जास्त. चार फेऱ्यांचे साठ. तिच्या चालीने साठ मीटर म्हणजे वीस सेकंद!

खाली उतरून त्याने तिला बाजूला घेतलं. "काय गं, बाहेरून का धावतेस?"

ती गोंधळली. "तुम्हीच सांगितलं होतं, उस्ताद. पहिल्या दिवशी. सावकाश धावणाऱ्यांनी बाहेर व्हा, मागच्यांना वाट द्या."

"अगं, ते त्या दिवसापुरतं होतं!"

"तसं नव्हतं सांगितलं तुम्ही," ती हळूच म्हणाली.

 उस्तादने आतल्या पट्ट्याची पांढरी रेघ बुटाने दाखवली. "ही सोडायची नाही. मागचा येईल, ओरडेल, ओरडू दे. त्याला घाई आहे, तो जाईल वळसा घालून."

मोठ्या साहेबांकडे जाऊन त्याने आपली चूक लेखी दिली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "आधीच्या चाचण्या पुसता येणार नाहीत," ते म्हणाले. "तिसरी ती तिसरीच."

तिसऱ्या चाचणीला उस्ताद पलीकडच्या वळणावर उभा होता. दुसऱ्या फेरीला एक उंच मुलगा मागून "बाजू, बाजू!" करत आला. चिमणीचा खांदा बाहेर कलला.  पण पाय रेघेवरच राहिले आणि तो मुलगा पुटपुटत वळसा घालून गेला. रेषेवरून आकडा आला तेरा मिनिटं सव्वीस सेकंद. चिमणी गवतावर आडवी पडून हसत होती. या वेळी तिला चांगलीच धाप लागली होती.

त्या आठवड्यात उस्तादने जुन्या वह्या काढल्या. सात वर्षांपूर्वी एक मुलगा अकरा सेकंदांनी घरी गेला होता. तो कुठून धावायचा, हे वहीत असणार कसं? शेवटी कार्यालयातून पत्ता मिळवून त्याने चार ओळींचं पत्र टाकलं: माझ्यामुळे तू बाहेरून धावायचास का?

महिन्याने उत्तर आलं. मुलगा आता एका शाळेत भूगोल शिकवत होता. त्याने लिहिलं होतं, "आठवत नाही, उस्ताद. तेव्हा मी फक्त तुमच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होतो."

उस्तादने ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिने सुईवरून नजर वर करून विचारलं, "मग? होता का तो बाहेर?"

"तेच तर कळत नाही ना," तो म्हणाला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.