वेशीवर थांबवलेली वरात

मंडळी, केनवडात कोणतंही कार्य असलं की व्यवस्था माझ्याकडे येते. बारशाला अंगण पुरतं, स्वराज्याच्या सभेला मैदान लागतं आणि लग्नाला तर मांडव, पाणी, पंगत, वरातीचा मुक्काम, सगळंच बघावं लागतं. पण आज जे करावं लागलं, ते कधी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

शेजारच्या गंगूचं आज लग्न होतं. पहाटे तिला हैजा, म्हणजे पटकी, झाला आणि ऊन चढेपर्यंत ती गेली. मांडवाचेच बांबू सोडून आम्ही तिरडी बांधली. नवरदेवाच्या गावी, रिसोडला, निरोप धाडेपर्यंत वरात निघालेली होती.

दुपारी वाजतगाजत बैलगाड्या आल्या. मी वेशीवर आडवा उभा राहिलो.

"काहून थांबवलं?" नवरदेवाच्या बापाने विचारलं.

"परत जा, दादा. नवरी गेली. गावात हैजा हाय."

वाजंत्री थांबली. नवरदेवाने बाशिंग उतरवलं. त्याची आई गाडीतून उतरली आणि नवरीसाठी आणलेलं लुगडं माझ्या हातात देत म्हणाली, "हे तिले नेसवा. आमची सून हाय ते."

चिता केव्हाच पेटली होती. मला तसं सांगता आलं नाही.

आता ते लुगडं मांडीवर घेऊन घरी बसलो आहे. तिच्या बापाच्या हातात देऊ, की नदीत सोडू? तुम्ही काय केलं असतं?