मिस्तरींच्या घरचे जवाई

"हळू बोला जी, जवाई उठले नाईत अजून."

अकोल्यात भाड्याची खोली शोधत मी देविदास मिस्तरींच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा ते ओठांवर बोट ठेवून मला हे म्हणाले. मी चपला आवाज न करता काढल्या. पुढच्या खोलीत एक पलंग, खिडकीत बसवलेला भलामोठा पत्र्याचा कूलर आणि भिंतीवर हार घातलेला त्यांच्या बायकोचा, काकूंचा, फोटो होता. जवाई कुठे दिसेनात. मिस्तरींनी शर्टाच्या खिशातून लहानसा गोल आरसा काढला आणि टीपॉयवरच्या काचेच्या पेटीसमोर धरला. पेटीतल्या रोपट्याआडून एक निळा-जांभळा मासा बाहेर आला, त्याने आरशात पाहिलं आणि कल्ले फुगवून, शेपटीचा पंखा पसरून असा ताठ उभा राहिला, की पंगतीत मान न मिळालेला पाहुणाच.

"हां," मिस्तरी समाधानाने म्हणाले, "जित्ते हायेत. आता बोला. कोन्या गावच्या तुमी?"

दुकानदार ज्याला फायटर म्हणतात, तो हा मासा. दोन नर एका पेटीत ठेवले तर एकमेकांना फाडून टाकतात, म्हणून तो एकटाच ठेवायचा. मिस्तरींना मूलबाळ नव्हतं. काकू गेल्या त्या वर्षी ते माशांच्या एका दुकानात पंप दुरुस्त करायला गेले होते. पुढची गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. "एका बरणीत हा येगळाच ठेवेल होता. इचारलं, काहून येगळा? दुकानदार म्हने, याचं कोनासंगं जमत नाई, एकटाच राह्यते. म्हटलं, मंग दे मले. आमचं जमते." आणि वर डोळे मिचकावून, "पोरगी नाई तं जवाई कुठून येईन? हा आला. हुंडा नाई, मानपान नाई."

मानपान नाही, हे खोटं होतं. ते पुढे येईलच.

जळालेल्या मोटरींत नवी तांब्याची तार भरून देणं आणि उन्हाळ्यात कूलर बनवणं, हा मिस्तरींचा आयुष्यभराचा धंदा. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "जाऊ द्या मिस्तरी, नवीच घेतो," की ते भडकायचे. "जयली तं भरून देतो ना! नवी काहून घेता? आतलं तांबं जयलं, बाकी बॉडी तुमच्या-माह्यापेक्षा मजबूत हाये." दुकान बंद केल्यावरही ही सवय गेली नाही. माझी छत्री मोडली, बॅगची चेन बिघडली, इतकंच काय, ऑफिसातल्या भांडणानंतर मी एकदा "नोकरीच सोडते" म्हटलं, तरी उत्तर तेच: "भरून पाह्य आधी."

मी अचलपूरजवळच्या एका खेड्यातली. वडील झेंडू आणि शेवंती पिकवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. बी.एस्सी. झाले, बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत लागले, म्हणून अकोल्याला आले. कॉलेजात गेल्यापासून घरची वऱ्हाडी बोली मी जिभेवरून उतरवून ठेवली होती. मिस्तरींनी ते लगेच हेरलं आणि माझं नाव ठेवलं 'ग्रॅज्युएट'. "ग्रॅज्युएट, नळ आले!" "ग्रॅज्युएट, तुहे कपडे वाळले!" ही चेष्टा होती. पण गल्लीत दुसऱ्या कुणाला सांगताना त्यांचा आवाज बदलायचा: "आमच्या वरच्या खोलीत ग्रॅज्युएट राह्यते."

होळी झाली की त्या घराला जाग यायची. मिस्तरींचा कूलर त्यांनी स्वतः पत्रा कापून बनवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला. तो सुरू झाला की खोलीभर ओल्या मातीसारखा वास पसरायचा. दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतले गुल्हाने काका आणि त्यांचे दोन जोडीदार पत्ते घेऊन हजर व्हायचे. सगळे नोकरीतून निवृत्त झालेले. मेंढीकोटचा डाव ऊन उतरेपर्यंत चालायचा. मिस्तरी पत्ते वाईट खेळायचे. त्यांचं सगळं लक्ष चहाकडे आणि बोलण्याकडे. मला लवकरच कळलं, की दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोलायचं ते या दुपारीच. सकाळी आरसा आणि 'जित्ते हायेत', दुपारी पत्ते, उरलेला दिवस भिंतीवरच्या फोटोसोबत. आणि ही माणसं घरात आणत होता तो कूलर.

त्या कूलरच्या अगदी तोंडापुढे जवायाची पेटी. आमच्याकडे उन्हाळ्यात जावई आला की त्याला आमरसाचं जेवण आणि कूलरपुढची खाट; बाकीच्यांनी घाम पुसत वाढायचं. मिस्तरींनी तो मान माशाला दिला होता. दाणेही तसेच, आग्रह करून. "घ्या जी, लाजू नका. आपलंच घर हाये."

त्या चैत्रात एका सकाळी आरसा धरला, तरी जवाई आले नाहीत. पेटीच्या तळाशी पंख अंगाला चिकटवून बसून राहिले. मिस्तरींनी आरसा शर्टाला पुसून पुन्हा धरला. "रुसले," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मासा दाण्यालाही वर आला नाही. मधूनच उठायचा, खड्यांवर अंग घासायचा आणि पुन्हा बसायचा. अकोल्यात चैत्र-वैशाखात कुणालाही काहीही झालं तरी निदान एकच असतं. मिस्तरींनीही तेच केलं. "ऊन लागलं." आणि टीपॉय ओढून त्यांनी पेटी कूलरला जवळजवळ टेकवलीच. पेटीतल्या पाण्यावर लाटा उठू लागल्या.

सुट्टीच्या दिवशी मी नीट पाहिलं. माशाच्या अंगावर आणि पंखांवर रवा शिंपडावा तसे बारीक पांढरे दाणे होते. माशांवरचे परजीवी मी कॉलेजात शिकले होते, पण परीक्षेपुरते. फोनवर वाचलं, फोटो काढला आणि माशांच्या दुकानात जाऊन दाखवला. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "पानी थंडं होऊन राह्यलं का?" मी घरी आले आणि पेटीत बोट बुडवलं. माठातलं पाणी आणि हे पाणी, काही फरक नव्हता.

"काकाजी, याला ऊन नाही लागलं. याला थंडी बाधलीय."

डाव रंगात होता. गुल्हाने काकांनी हातातले पत्ते खाली टाकले आणि मांडी थोपटून हसले. "अकोल्यात! चैतात! थंडी! अबे देविदास, स्वेटर वीन जवायाले!"

मिस्तरीही हसत होते. मला राग आला आणि मी सरळ बोलून टाकलं. हा गरम मुलखातला मासा. कूलर लावला की पाणी गार, बंद केला की गरम. या वरखाली होण्याने त्याची ताकद जाते, मग हे ठिपके अंगाला धरतात. आणि तुम्ही आग्रह करून घातलेले दाणे खाली सडलेत, ते वेगळंच.

मिस्तरी हसायचे थांबले. त्यांनी पेटीत बोट घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"माह्या कूलरच्या हवेनं?" ते म्हणाले.

पेटी दुसरीकडे हलवून पाहिली. स्वयंपाकघरावर टिनं होती. तिथे दुपारी पाणी चहासारखं तापायचं आणि पहाटे गार पडायचं. माझी गच्चीवरची खोली म्हणजे भट्टीच. पुढच्या खोलीवर स्लॅब होता. कूलर बंद असेल तर तिथे पाणी दिवसरात्र सारखंच कोमट राहायचं, औषधाला हवं तसं. पण कूलरची हवा पोहोचत नाही असा एकही कोपरा त्या खोलीत नव्हता. असा कोपरा राहू नये म्हणूनच तर मिस्तरींनी तो एवढा मोठा बनवला होता.

दुसऱ्या दुपारी मंडळी आली तेव्हा कूलर बंद होता. छताचा पंखा गरम हवा ढवळत होता. पत्ते बोटांना चिकटू लागले.

"लाव ना बे," गुल्हाने म्हणाले.

"नाई. बरा होऊस्तोर नाई."

"एका माशासाठी? मेला तं दुसरा आन. मानसं कुठून आनशील?"

हे गमतीत नव्हतं, आणि ते मिस्तरींनाही कळलं. हातातली पानं त्यांनी उगाच पुन्हा पुन्हा लावली. "माह्या दुकानात कदी आयकलं का तू," ते हळूच म्हणाले, "का मी कोनाले म्हटलं, नवी घे म्हून?"

"ते मोटर होती, बावा."

"मंग? मोटरीसाठी इतकं केलं. हा तं जवाई हाये."

पुढच्या दुपारी एकटे गुल्हाने आले आणि टोपीने वारा घेत थोडा वेळ बसून गेले. त्यानंतर कुणी आलं नाही. त्याच सुमारास गुल्हान्यांच्या मुलाने घरी एसी बसवला, आणि डाव तिकडे गेला. तिकडून मिस्तरींना बोलावणं आलं. "इकडं पानी कोन बदलन?" म्हणून ते गेले नाहीत.

औषधपाणी तसं सोपं होतं, फक्त माणूस अडकून पडायचा. पेटीतले खडे काढून उकळले. ड्रममध्ये साठवलेलं पाणी पेटीइतकंच कोमट करून रोज थोडं थोडं बदलायचं. खडेमीठ वेगळं विरघळवून दुकानदाराने सांगितलं तेवढंच घालायचं, निळं औषध थेंबांनी. दाणे अगदी मोजके, आणि उरले तर लगेच बाहेर. मी थर्मामीटर आणून दिला. मिस्तरी त्याला मीटर म्हणायचे आणि येता-जाता वाचायचे. मी कामावरून परतायची तेव्हा ते बनियनवर, खांद्यावर ओला टॉवेल टाकून पेटीसमोर बसलेले असायचे. गुल्हान्यांचं घर समोरच्याच ओळीत होतं. पूर्वी तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं. आता एसीमुळे त्यांच्या खिडक्या बंद असायच्या, हसणंसुद्धा ऐकू येत नव्हतं.

काही दिवसांनी ठिपके दिसेनासे झाले. मिस्तरी कूलरच्या बटणाकडे निघाले, तर मीच अडवलं. "ते मेले नाहीत, काकाजी. अंगावरून गळून खाली पडलेत. तिथे वाढतात आणि पुन्हा चढतात. औषध त्यांना पाण्यात सुटे असतानाच लागू पडतं."

"म्हंजे गेले असं वाटते, तवाच जास्त बसा लागते," ते म्हणाले आणि पुन्हा बसले. मीटर वाचता वाचता ते पुढे म्हणाले, "ग्रॅज्युएट, तू आंगावरचे पांढरे दाने पाह्यले. पन बिमारी दान्याच्या आधी आली होती. आरशापाशी आले नाई ना, तवाच. मी समजलो रुसले. आंगावर मांगून दिसते, पयले सवय मोडते." मग फोटोकडे हात केला. "तुह्या काकूनं दुपारचा चहा सोडला होता. म्या म्हटलं, उन्हाळा हाये, म्हून नसन पेत."

ज्या सकाळी जवायांनी आरसा पाहून पुन्हा कल्ले फुगवले, त्या सकाळी मिस्तरींनी हाका मारून मला गच्चीवरून खाली बोलावलं. बऱ्या झालेल्या माशाला आता एवढा आडोसा पुरे, म्हणून पेटीच्या बाजूला प्लायवूडची आडोशाची फळी ठोकली, कूलरची जाळी वर वळवली, बटण दाबलं. वाळ्याचा वास पसरला. दुपारी त्यांनी ट्रेमध्ये नेहमीइतके कप मांडले आणि दार उघडं ठेवून बसले. कुणी आलं नाही. संध्याकाळी त्यातला एक कप मी घेतला.

"त्या तिघायले आता कूलरची हवा दमट लागते," ते म्हणाले. तक्रार नव्हती. कुठल्याशा मोटरचा दोष सांगावा तसं म्हणाले.

पावसाळ्यानंतर माझी बदली अमरावतीला झाली. अमरावती-अकोला अंतर काही फार नाही, आणि फार नाही म्हणूनच जाणं होत नाही. पण दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "घे, जवायासंगं बोल," म्हणून ते फोन पेटीवर ठेवायचे. मला पंख्याची घरघर ऐकू यायची. मी म्हणायची, "काय जवाई, जेवलात का?" नव्या शहरातल्या माझ्या खोलीत आठवडाभर, ऑफिस सोडलं तर, माझं बोलणं तेवढंच असायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण फोन चुकला नाही.

पुढच्या होळीनंतर एका रविवारी चुकला.

मी केला, कुणी उचलला नाही. मी गुल्हाने काकांना फोन लावला. "काका, जरा मिस्तरींकडे जाऊन या."

"झोपला असन वो. उन्हाचे दिवस हायेत."

"ऊन-बिन काही नाही. आत्ताच्या आत्ता जा."

ते गेले. मिस्तरी पलंगावरून खाली पडलेले होते, अर्धं अंग लुळं पडलं होतं. गुल्हाने आणि जोडीदारांनी उचलून दवाखान्यात नेलं. मी बसने पोहोचले, तेव्हा त्यांनी मला ओळखलं. बोलता येत नव्हतं. चालत्या हाताने खिसा चाचपला आणि आरसा माझ्या तळहातावर ठेवला. त्यानंतर थोडेच दिवस काढले त्यांनी.

तेरवीनंतर मी पुन्हा गेले. घराला कुलूप होतं. पेटीचं विचारलं, तर गल्लीतल्या बाईमाणसांनी गुल्हान्यांच्या घराकडे बोट दाखवलं. त्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि गरम हवेचा झोत अंगावर आला. भिंतीवर एसी होता, बंद. खिडक्या सताड उघड्या. तिघे जण बनियनवर, गळ्यात टॉवेल घालून पत्ते घेऊन बसले होते. चौथ्या बाजूला टीपॉय, आणि टीपॉयवर ती काचेची पेटी.

"एसी बिघडला का काका?"

"नाई," पत्त्यांवरून नजर न उचलता गुल्हाने म्हणाले, "जवायाले चालत नाई."

खरं म्हणजे एवढं काही लागत नव्हतं. पेटी जरा आडोशाला ठेवली, गारवा कमी ठेवला, तरी भागलं असतं. जे दिसेल ते तोंडावर सांगायचं, हा माझा स्वभाव. त्या दिवशी मी गप्प बसले.

पर्समधून आरसा काढून पेटीसमोर धरला. रोपट्याआडून जवाई आले, त्यांनी पाहिलं, कल्ले फुगवले, शेपटी पसरली. तिघांनी पत्ते खाली ठेवले. इथे नेहमी मिस्तरींचं एक वाक्य यायचं. आम्ही सगळेच त्यासाठी थांबलो, आणि पंखा फिरत राहिला.

"ग्रॅज्युएट," गुल्हाने काका शेवटी म्हणाले, "तू म्हन आता."

"जित्ते हायेत," मी म्हणाले.